जमीन मोकळी आहे, पण चपला बाहेर काढा

माझा अशा गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता, हे आधी लिहून ठेवते. रस्त्यात लिंबू पडलेलं दिसलं की आमच्या शेजारीणबाई अर्ध्या गल्लीचा वळसा घालतात. मी एकदा तेच लिंबू उचलून सरबत केलं होतं. काही झालं नाही, जरा आंबट झालं एवढंच. या ग्रुपवरचे लोकांचे अनुभव मी दुपारी पडल्यापडल्या वाचते आणि हसते. आज माझा लिहिते आहे, तर तुम्ही हसा. फोनला सांगून टाईप करते, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका फोनच्या.

आम्ही नागपूरचे, मनीषनगरात राहतो. दुसरा मजला, पश्चिमेची गॅलरी — म्हणजे उन्हाळ्यात भट्टीच. हे सरकारी कचेरीतून कारकून म्हणून रिटायर झाले. आम्हाला एकच मुलगी, मंजिरी. मंजू म्हणतो. जावई कामासाठी बाहेरगावी, म्हणून मंजू आणि तिची चिमुरडी आमच्याकडेच असायच्या.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मंजूच्या दोन्ही किडन्या गेल्या. रामदासपेठेतल्या हॉस्पिटलात डायलिसिस चालू झालं. तिला आत घेतलं की मी बाहेर बाकावर बसायचे, पर्स मांडीवर घेऊन, जशी काही पर्सच सांभाळायला आले आहे. हळूहळू तिच्या हाताच्या नसा साथ देईनात. डॉक्टर म्हणाले, आता ऑपरेशनला उशीर करू नका. किडनी माझी जुळली होती, ती तर फुकटच होती. पण बाकीचं? दागिने गेले, ठेवी मोडल्या, नातेवाइकांनी जेवढं करायचं तेवढं केलं. विकण्यासारखं एकच उरलं होतं... ती जमीन.

जमीन सातपुड्यात. चिखलदरा सोडून पुढे जायचं, डांबरी रस्ता संपला की कच्च्या वाटेनं वर, आणि जिथे वाटतं की आता कुणी राहत नसेल त्याच्याही पुढे. गावाचं नाव देत नाही, कारण जमीन आता दुसऱ्याची आहे. जवळची वस्ती म्हणजे खाली दरीत पाच-सहा घरं. वर नुसता उतार, गवत, साग, आणि वारा.

ती घेतली कुणी? मी नाही बरं का. अठ्ठाविसाव्या वर्षी माझ्या अंगात एक बावळट बाई राहत होती, तिनं घेतली. नवऱ्याच्या मागे भुंगा लावून घेतली. नागपूरचं ऊन तिला सोसत नसे, म्हणे. मासिकातले बंगल्यांचे फोटो कापून ठेवायची. हॉलमध्ये शेकोटीची जागा हवी, असं ठरवून बसली होती. राहायला भाड्याची दीड खोली, आणि बाईसाहेबांना शेकोटी!

त्या दीड खोलीतच तिचं लग्नाचं माप ओलांडून झालं होतं. तांदूळ घरमालकिणीच्या दारात सांडले म्हणून मालकीण बोलली, सासू त्या बोलण्यावर बोलली, आणि नवी नवरी उजवा पाय वर धरून उभी. ते तिच्या मनात बसलं. पुढे लग्नाला सात वर्षं होऊनही मूल नाही, त्यामुळे घरात बोलायला सगळ्यांना विषय मिळाला. तेव्हा तिनं हे डोंगरातलं खूळ काढलं. जमीन नावावर झाली त्या आठवड्यात ती पिशवीभर फक्की घेऊन तिथे गेली आणि त्या चुन्याच्या पुडीनं गवतात घर आखलं. इथे स्वयंपाकघर, इथे हॉल, इथे दार. ह्यांना म्हणाली, "तुम्ही आत उभे राहा." हे म्हणाले, "आत म्हणजे कुठं?" मग दाराच्या रेघेवर तांदळाचं माप ठेवलं, उजव्या पायानं लवंडलं आणि गृहप्रवेश केला. भिंत नाही, छप्पर नाही. सूनबाई आत!

घर कधी झालंच नाही. दोन वर्षांनी मंजू झाली, मग शाळा, फी, आजारपणं... त्या डोंगराकडे आम्ही पुन्हा फिरकलो नाही.

आता विकायला काढली तर गिऱ्हाईक टिकेना. आमचा दलाल दिलीप, मुलगा कामाचा, तोंडाचा फटकळ. त्यानं पहिल्यांदा अमरावतीचं एक डॉक्टर जोडपं नेलं. दोघं जमीन बघून परतले ते फोनवर चक्क चिडलेले.

"काकू, जमीन मोकळी आहे म्हणालात. तिथे तर बाई राहते!"

"कोणती बाई?"

"आम्हाला काय माहीत! म्हणाली, चपला बाहेर काढा. मोकळ्या माळावर! आम्ही पुढे पाय टाकला तर म्हणते, तिकडून नाही, दारातून या. घर विकायचं नाही म्हणाली."

मी दिलीपला फैलावर घेतलं. मला वाटलं, भाव पाडायला यानंच कुणाला तरी बसवलं असेल.

"काहून गा दिलीप, हे काय नाटक आहे?"

"काकू, मी कायले नाटक करू? माझं कमिशन बुडून राहिलं ना! मी गाडीपाशी होतो. मले बी दिसली. गवतात मांडी घालून बसली होती."

"खालच्या वस्तीतली असेल."

"वस्तीत इचारलं मी. ते म्हणे आमची नाही, तुमचीच आहे."

दुसरं गिऱ्हाईक म्हणजे कळमन्याच्या बाजारातला संत्र्याचा अडत्या. त्याला वीकेंडला जायला फार्महाऊस हवं होतं, आणि नड आमची आहे हे कळल्यावर घाई त्याला आमच्याहून जास्त. तो मात्र घरीच आला. पाणी प्यायला, ग्लास खाली ठेवला आणि म्हणाला, "काकू, पहिले तुमच्या सुनेले समजवा, मग जमीन विका."

"मला सून नाही हो. एकच लेक आहे, ती आत झोपली आहे."

"मग ती कोण? पोपटी साडी, नायलॉनची, मोठमोठी नारिंगी फुलं. दोन वेण्या वर बांधलेल्या. मले म्हणते, भाऊ, तुम्ही शेकोटीत उभे आहात, बाजूला व्हा."

माझ्या हातातला ट्रे मी टीपॉयवर ठेवला. हळू ठेवला, आवाज होऊ नये म्हणून. गृहप्रवेशाच्या दिवशी नेसलेली ती साडी मी कधीच बोहारणीला देऊन टाकली होती. आणि शेकोटीची जागा ह्यांच्याशिवाय जगात कुणाला माहीत नव्हती... ह्यांना तर ती तेव्हाही सापडली नव्हती.

त्या रात्री काय झालं ते सांगत नाही, कारण काहीच झालं नाही. रडायलाही एकान्त लागतो, आणि आमचा फ्लॅट लहान. दुसऱ्या दिवशी मंजूचं डायलिसिस मध्येच थांबवावं लागलं. तिला बाहेर आणलं तेव्हा ओठ पांढरे पडलेले. मला म्हणाली, "आई, नको ना आता. राहू दे. पोरीला तू सांभाळशील ना?" मी तिला रागावले. काय बोलले ते आठवत नाही, पण नर्सनं मला बाहेर बसवलं.

त्या बाकावर बसून मी विचार केला, आणि तो विचार शहाण्या माणसाचा नव्हता हे मला मान्य आहे. माप ओलांडून घरात आलेली बाई "निघ" म्हटल्यानं निघते का? नाही निघत. माहेरचं कुणीतरी न्यायला यावं लागतं. मुराळी यावा लागतो, ओटी भरावी लागते, तेव्हा सून उंबरठ्याबाहेर पाय टाकते. आणि त्या बयेला न्यायला कुणी गेलंच नव्हतं. जाणार कोण? माहेरचे सगळे देवाघरी. उरले मी.

ह्यांना म्हटलं, मोजणीच्या कामाला जाते. पिशवीत खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू टाकलं आणि पहाटेच दिलीपच्या गाडीत बसले. दिलीपनं रस्ताभर भजनं लावून ठेवली होती, यावरून काय ते समजा. पोचलो तेव्हा टळटळीत दुपार. तो म्हणाला, "काकू, मी इथंच थांबतो. गाडी तापली." गाडी काही तापली नव्हती.

मी वर चढले. गुडघे कुरकुरत होते. गवत वाऱ्यानं एका बाजूला झोपलं होतं आणि मधल्या एका चौकोनात मात्र ते सरळ उभं होतं. तिथे ती बसली होती.

भीती वाटली का? आधी लाज वाटली. एवढी काडी होते मी? आणि त्या वेण्या! कुणी सांगितलं नाही का मला?

तिनं मान वर केली. "आजी, चपला काढा."

आजी म्हणाली! मला! मी चपला काढल्या, दाराच्या बाजूनं आत गेले आणि तिच्यासमोर बसले.

"काय वं, काय करून राहिली इथं एकटी?"

"एकटी कायची? हे पाणी आणायले गेले झऱ्यावर. येतीलच." मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "तुम्ही कुठल्या?"

"तुझ्या माहेरची. तुले न्यायले आली."

"मी नाही येत. आत्ताच तर आली मी. हे माझं घर आहे."

"घर? कुठं आहे वं घर? भिंत दाखव मले एक."

"होईल ना!" तिचा आवाज चढला. माझाच आवाज, पण कोवळा. "तुमचं काय जाते? तिकडं सासूबाई उठता-बसता वांझ म्हणते, इथं तरी कोणी म्हणत नाही. मी नाही येत, जा तुम्ही!"

मी तिची थट्टा करायला आले होते हो. शेकोटीवरून चार शब्द सुनवायचे म्हणून रस्ताभर जुळवून ठेवले होते. एकही आठवेना.

"बाई," मी म्हटलं, "तुले लेक आहे."

तिनं हातातली गवताची काडी खाली टाकली.

"खोटं नका बोलू आजी. त्याच्यात नका खोटं बोलू."

"मंजिरी नाव तिचं. रंग बापाचा, नाक तुझं. बोलते तर कोणाले ऐकत नाही. तिले एक पोरगी बी आहे. आणि ती लय बिमार आहे वं... तिच्यासाठी ही जागा पाहिजे मले. तू उठत नाही तोवर काही होत नाही. ऊठ ना माय. पाया पडते तुझ्या."

आणि खरंच वाकले. तिनं माझे हात धरले. तिचे हात गरम होते, उन्हात बसलेल्या माणसाचे असतात तसे.

"बरी होईल ना ती?" तिनं विचारलं.

मला काय माहीत? डॉक्टरही सांगत नव्हते. पण ती उठायला हवी होती. तेव्हा मी तिच्या डोळ्यांत बघून, एकदम ठणकावून सांगितलं, "होईल. कितीही बिमार पडली तरी बरी होईल. घाबरायचं नाही."

ती उठली. मी तिची ओटी भरली — खण, नारळ, तांदूळ. दारापाशी येऊन तिनं एकदा मागे बघितलं, हॉलच्या बाजूला, आणि पाय बाहेर टाकला. मी चपला घालायला वाकले. वर बघितलं तर उतारावर नुसतं गवत. माझी पिशवी रिकामी होती. खाली एक दाणासुद्धा पडलेला नव्हता.

परतवाड्याला चहा पिताना दिलीप म्हणाला, "काकू, गेली ना?"

घरी आल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं, हे म्हणतील ऊन लागलं तुला. ह्यांनी उठून पंखा बंद केला. मग म्हणाले, "त्या दिवशी मी पाणी घेऊन परत आलो, तर तू रेघेच्या बाहेर उभी. ओटीत नारळ. मी म्हटलं, आपण नारळ कधी आणला? तू म्हणालीस, एक म्हातारी आली होती."

"मी म्हणाले?"

"हो. म्हणालीस, फार खडूस होती, पण रडत होती. आपल्याला मुलगी होणार, मंजिरी नाव ठेवायचं. ती खूप आजारी पडेल, पण बरी होईल, घाबरायचं नाही." ह्यांनी चष्मा काढला. "म्हणून तर मंजूच्या प्रत्येक तापात तू ढिम्म बसायचीस. डांग्या खोकल्यात तिचा श्वास अडकला होता तेव्हा मी रडत होतो, आणि तू म्हणालीस, हिला काही होत नाही, मला सांगितलंय."

मला यातलं काही म्हणजे काही आठवत नाही. मी आजवर समजत होते की माझा स्वभावच धीट.

पुढचं थोडक्यात. अडत्या पुन्हा जाऊन आला, म्हणाला, जागा मोकळी आहे. व्यवहार झाला. ऑपरेशनच्या दिवशी आम्हा दोघींना शेजारीशेजारी स्ट्रेचरवर ठेवलं होतं. मंजूनं मान वळवून विचारलं, "आई, मी बरी होईन ना?" जन्मभर मी तिला याचं उत्तर झोपेतसुद्धा दिलं असतं. त्या दिवशी मात्र जीभ उचलेना. कारण तो धीर कुठून आला होता ते आता मला माहीत झालं होतं. तो देणारी म्हातारी मीच होते, आणि त्या म्हातारीला काहीएक ठाऊक नव्हतं. तिनं नुसतं ठोकून दिलं होतं.

तरी म्हटलं, "होशील. मला सांगितलंय."

मंजू बरी आहे. माझी किडनी तिच्यात गेल्यापासून तर जास्तच तोंडाळ झाली आहे.

मी मात्र अजून त्या बाकावर बसल्यासारखी एकाच ठिकाणी अडले आहे. त्या पोपटी साडीवालीनं मला सांगितलं नाही, तिला मी सांगितलं. माहीत तर दोघींपैकी कुणालाच नव्हतं. मग पोरगी बरी होणार, हे पहिल्यांदा माहीत कुणाला होतं?