पुढची सीट

दाराला आतून कडी. अण्णा ओट्यावर, आई चुलीपाशी, मी अंगणात गाडी धुतोय. मग तो माणूस आमच्या घरात शिरला कुठून? हे मी ठाण्यात विचारलं, शाळेत विचारलं, भावकीत विचारलं.

मी सातवी नापास. काटेवाडीची पोरं बारामतीच्या शाळेत नेणारी व्हॅन चालवायचो. माझी बहीण आरती नववीत, पुढच्या सीटवर बसायची. मोबाईलवर तिला ‘इंदापूरची सानिका’ नावाची मैत्रीण भेटली. ती मैत्रीण म्हणजे एक बाप्या निघाला. गोड बोलून त्यानं नको ते फोटो मागवले, मग ‘गावभर करीन’ म्हणून धमकावलं. आरतीनं घरात सांगितलं नाही. जीव दिला. कशामुळं, ते आम्हाला तिच्या वर्गातल्या पोरीकडून कळलं, दहावा झाल्यावर.

तेव्हापासून मागच्या सीटवर पोरं काय बोलतात तिकडं माझा कान. असले किस्से सीटखालच्या वेफर्सच्या पाकिटांसारखे साचतात. आज झाडा, उद्या तेवढेच!

*

आमच्यात गेलेल्या माणसाबरोबर त्याच्या आवडीची वस्तू देतात. आजीला पानाचा डबा दिला होता. अण्णांनी चितेवर आरतीच्या उशाशी तिचा मोबाईल ठेवला. स्वतःच्या हातानं.

पुढं ठाण्यात गेलो. हवालदार बाईंनी सगळं नीट लिहून घेतलं. म्हणाल्या, “आता मोबाईल द्या. पुरावा त्यातच असतोय.”

अण्णा म्हणाले, “तिच्याबरोबर दिला की ओ!”

बाईंनी पेन खाली ठेवलं.

*

सानिकाचा फोटो आरतीनं मला हौसेनं पाठवला होता. अंगावर शाळेचा ड्रेस. ही पोरगी त्या बाप्याला सामील असणार, म्हणून माझं डोकं फिरलं. मोटारसायकलला दांडकं बांधलं आणि इंदापूर गाठलं. तोच ड्रेस असलेली शाळा हुडकून गेटवर उभा राहिलो, तर खरंच ती आली की! तोच चेहरा, तीच रिबीन.

फोटो दाखवला. पोरगी दोन पावलं मागं सरली.

“दादा, फोटो माझाच हाय. पण ती सानिका मी न्हाय!”

येताना दांडकं कॅनॉलमध्ये टाकलं.

*

ओंकार पाचवीतला. व्हॅनमध्ये ऐटीत सांगत होता, “गेममधलं एक काका मला तलवारी देतेत. फुकट!”

मी आरशातून विचारलं, “बदल्यात काय मागतेत रं?”

“काय न्हाय ओ. आई घरी नसली की तेवढं कळवायचं.”

असा ब्रेक मारला की सगळ्यांचे डबे गडगडत पुढं आले!

*

मी सांगितल्यावर ओंकारच्या आईनं आरडाओरडा केला म्हणून देवळात बैठक बसली. माझे चुलते तात्या माईकवर. “पोरींचं मोबाईल काढून घ्या! वेळ पडली तर शाळा बंद करा!”

टाळ्या.

मागून आवाज आला, “म्हणूनच कुणी सांगत न्हाय, तात्या.”

आठवीतली वैष्णवी. माझ्याच व्हॅनमधली. तिच्या वडलांनी तिला दंडाला धरून घरी नेलं.

*

आरती गेल्यापासून पुढच्या सीटवर मी कुणाला बसू देत नव्हतो. एका सकाळी वैष्णवी न विचारता तिथं बसली. मागं पोरांच्या भेंड्या चालल्या होत्या. बाहेर बघत ती हळूच म्हणाली, “दादा, मलाबी एकजण फोटोवरनं धमकावतोय. घरी सांगितलं तर शाळा सुटंल. सगळं पुसून टाकू का?”

“एक अक्षरबी पुसू नको!”

तिचा मोबाईल मी चार्जरला लावला आणि शाळेच्या फाट्यावरून व्हॅन वळवली.

मागनं पोरं ओरडली, “ओ दादा, शाळा तिकडं हाय!”

सगळी व्हॅन ठाण्याच्या दारात!

“आमाला पोलिसांनी धरलंय का ओ?”

त्याच हवालदार बाई बाहेर आल्या. वैष्णवीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“मोबाईल?”

“हाय बाई. चालू हाय.”

त्यांनी तिला आत नेलं आणि फोन करून तिच्या आईला एकटीला बोलावून घेतलं. बाकीची पोरं मी शाळेत सोडली. उशीर झालाच.

संध्याकाळी व्हॅनचे मालक आबा यांच्या दारात पालकांची गर्दी. सगळ्यात पुढं वैष्णवीचे वडील. “आमची पोरं ठाण्यात कशाला नेली ह्यानं?”

“बोल की!” आबा म्हणाले.

“रस्ता चुकलो.”

“काटेवाडी-बारामती रस्ता? तू?”

“व्हय आबा. चुकलो.”

आणि किल्ली त्यांच्या हातात दिली.