गोठ्याचं दार

एकोडीत धुरपताच्या घराला लागून एक गोठा आहे. त्यात जनावर नाही. नांगरणी ट्रॅक्टरनं होऊ लागली तशी बैलजोडी विकली गेली, आणि गोठा काही काळ रिकामाच राहिला. आता तिथे बांबूची एक ढोली उभी आहे, माणसाच्या छातीएवढी उंच, शेणामातीनं लिंपलेली. ढोलीत तांदूळ असतो आणि तो कुणा एकाचा नाही.

दर बुधवारी दिवस कलला की गल्लीतल्या बाया झाकलेला डबा घेऊन यायच्या. एकेकीनं आत जायचं, आतून कडी लावायची. जिच्या घरी आहे तिनं ढोलीत टाकायचं, जिच्या घरी नाही तिनं काढायचं. मग डब्यावर पदर घेऊन बाहेर पडायचं. टाकलं की काढलं हे कुणी विचारायचं नाही, आणि बाईनंही सांगायचं नाही.

ही रीत धुरपताच्या मैत्रिणीनं, तुळसानं घालून दिली होती. लॉकडाऊनच्या साली धान गिरणी बंद पडली, नागपूरला कामाला गेलेली पोरं पायी परत आली आणि घराघरात खाणारी तोंडं वाढली, तेव्हा बायांच्या मंडळानं तांदूळ गोळा करायचं ठरवलं. धुरपताची कल्पना अशी, की आपण ढोलीजवळ बसावं आणि मापानं वाटावं. तुळसानं ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू वाटनारी अन् मी घेनारी असं झालं, तं उद्यापासून मी तुझ्या घरासमोरून जानार नाही. आत एकटी जाऊ दे बाईले. दार लावू दे."

दोघी गिरणीत शेजारी शेजारी बसून पोती शिवायच्या. एकीचा दोरा संपला की दुसरी न मागता पुढे करायची. तुळसाचं घर बुद्धविहाराच्या बाजूला, धुरपताचं पाटलाच्या विहिरीपाशी. येणं-जाणं होतं, चहा होता. धुरपताच्या घरातल्या मोठ्यांना तो चहा फारसा रुचत नसे, पण धुरपता तिकडे लक्ष देत नसे. निदान तिला तसं वाटायचं.

बुधवारी ती गोठ्याच्या दाराशी ओट्यावर बसायची. हातात निवडायला भाजी. कुणी पोरगं आत डोकावू नये म्हणून बसते, असं ती सांगे. घरात नवरा, इश्वर, टीव्ही लावून बसलेला असे. त्याला ती दर वेळी ओरडून सांगायची, "आवाज कमी करा ना, कडी वाजलेली ऐकू येत नाही."

यंदा उन्हाळ्यानंतर गिरणी पुन्हा बंद झाली. मालक म्हणाला, पाहू. धानाची रोवणी आटोपली, हाताला काम उरलं नाही आणि धान कापणीला यायला बराच अवकाश होता. ढोलीतला तांदूळ खाली खाली गेला. काढणारीला ढोलीत पार खांद्यापर्यंत हात घालावा लागे आणि डबा बुडाला खरवडल्याचा आवाज बाहेर ओट्यापर्यंत येई. तो आवाज ऐकला की धुरपता भाजी निवडायची थांबे.

म्हणून एका बुधवारी साकोलीहून प्रविण आला तेव्हा तिला देव भेटल्यासारखं झालं. प्रविण एका संस्थेत कामाला होता. पोरगा नम्र, पाणी प्यायला की गिलास स्वतः विसळून ठेवणारा. त्यानं तांदळाची आणि डाळीची पोती आणली. जाताना मान खाजवत म्हणाला, "मावशी, घेनाऱ्या बाईचा एक तरी फोटो लागते. वरती दाखवल्याशिवाय पुढचा माल मंजूर होत नाही."

"आमच्या इथं तशी रीत नाही, बापू."

"मले समजते. पन साहेब विचारतीन, कोनाले दिलं?"

"सांग, गावाले दिलं."

"तसं लिहिता येत नाही ना, मावशी."

धुरपतानं गल्लीकडे पाहिलं. समोरच तिची जाऊ ओसरीत बसून केस विंचरत होती. तिच्या घरी काय शिजतं नि काय नाही हे भिंतीपलीकडून धुरपताला कळत होतं. पण तिला फोटोला उभं करायचं हे मनातसुद्धा आलं नाही. तेवढ्यात डबा घेऊन तुळसा येताना दिसली. तुळसाचा डबा येताना हलका आणि जाताना जड दिसतो, असं धुरपतानं ओट्यावर बसून केव्हाच ठरवून टाकलं होतं. शिवाय ती आपली आहे, नाही म्हणणार नाही.

"ये व, एक फोटो काढू."

"कायचा फोटो?"

"मंडळाचा."

गोठ्यात अंधार होता म्हणून प्रविणनं दाराच्या दोन्ही फळ्या उघडल्या. त्यानं एक पिशवी तुळसाच्या हातात दिली, धुरपतानं पिशवीला एक हात लावला, आणि फोटो निघाला. तुळसा हसली होती. तिनं पदरसुद्धा नीट केला होता.

दोन दिवसांत तो फोटो गावातल्या फोनांवर फिरला. खाली लिहिलं होतं, 'गरजू महिलेला धान्यवाटप'.

पुढच्या बुधवारी तुळसा आली नाही. त्याच्या पुढच्या बुधवारी कुणीच आलं नाही. जावेनं तर जाता जाता सुनावलं, "नको व बाई, आमच्याजवळ फोटोले चांगलं लुगडं नाही." धुरपतानं प्रविणला फोन करून फोटो काढून टाकायला लावला. त्यानं लगेच काढून टाकला, पण ज्यांच्या फोनात तो गेला होता त्यांच्याकडे राहिलाच. गोठ्यात पोती रचलेली आणि ढोली तशीच, बुडाशी मूठभर तांदूळ घेऊन. इश्वर दारातून पाहून म्हणाला, "पह्यले खानारे होते, तांदूळ नव्हता. आता तांदूळ आहे. सोंडे-किडे पडतीन त्यात."

त्या दिवशी तिनं ताटात भात घेतला आणि घास तोंडात फिरत राहिला.

शेवटी ती तुळसाकडे गेली. तुळसा अंगणात तुराट्यांची मोळी बांधत होती. तिनं बस म्हटलं, कोरा चहा केला, कप पुढे ठेवला. धुरपता घरातून निघताना पुष्कळ काही ठरवून आली होती, पण बसल्या बसल्या तिची नजर चुलीकडे गेली, तिथून फळीवरच्या तांदळाच्या डब्याकडे गेली आणि तिथेच थांबली.

"पाह्य ना," तुळसा म्हणाली. "झाकन उघडून पाह्य. भरला आहे का रिकामा आहे, समजून जाईन एकदाचं."

"तसं नाही व..."

"आमच्या सुगतले फोटो पुन्यात दिसला. कोन्या तरी दोस्तानं पाठवला. पोराले वाटलं, माय उपाशी आहे अन् आपल्यापासून लपवून राहिली. कंपनीत अदीच मानसं कमी करून राहिले, त्यात हा सुट्टी टाकून आला. रात्रभर बसमध्ये. आल्या आल्या त्यानं हाच डबा उघडून पाह्यला. पोरानं पाह्यला तं मी काही बोलली नाही. तू पाहतं तं मले राग येते."

धुरपतानं फळीवरची नजर काढून कप हातात घेतला.

"मी ढोलीत टाकत होती का काढत होती?" तुळसानं विचारलं. "तुले काय वाटते?"

"मले काय मालूम?"

"मालूम नसतं तं मले उभं केलं नसतं. अन् तुझी जाऊ समोरच बसली होती न? तिले काहून नाही बोलावलं?"

याचं उत्तर धुरपताकडे होतं. ते तिला त्याच दिवशी ठाऊक होतं, फोटो निघाला तेव्हासुद्धा. तोंडातून मात्र निघालं, "माफ कर मले. आता दार लावूनच ठेवीन. कोनालेच आत येऊ देनार नाही."

तुळसा हसली, पण फोटोतल्यासारखी नाही.

"दार तं पह्यलेपासून लागतच होतं. तू बाहेर चौकीदार बसतं, त्याचं काय? भाजी निवडता निवडता एकेकीचा डबा पाहतं. मले काय दिसत नाही? बाया म्हनत, बसू दे, तिचं घर आहे. मीच म्हनलं, बसू दे, आपली आहे."

तिनं मोळी उचलून भिंतीला लावली. "चहा पी. थंडा झाला."

धुरपतानं चहा संपवला. परत येताना विहारावरून, मग शाळेवरून, मग आपल्याच गल्लीतून ती चालली, आणि कुणी हाक मारली तर काय बोलावं हे तिला सुचत नव्हतं. कुणी हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं प्रविणला फोन लावला. तांदूळ पाहिजे, पण फोटो मिळणार नाही, नावही मिळणार नाही. तो म्हणाला, "मावशी, मी विचारून पाहतो. पन जमनार नाही असं वाटते." त्याचा आवाज खरोखर ओशाळलेला होता. चूक त्याची नव्हतीच.

मग तिनं आणि इश्वरनं पोती सोडली आणि ढोली काठोकाठ भरली. डाळ बाजूच्या मडक्यात ओतली. संस्थेचं नाव छापलेल्या रिकाम्या पोत्यांच्या घड्या घालून तिनं त्या माळ्यावर टाकल्या.

"हे संपल्यावर?" इश्वरनं विचारलं.

"मंग पाहू."

"गिरनीवाला बी हेच म्हनते," तो म्हणाला, आणि तिला हसू आलं नाही.

बुधवारी दिवस कलला. धुरपतानं ओट्यावरचं आपलं बसायचं पोतं उचललं, गोठ्याचं दार नुसतं लोटून घेतलं आणि घरात आली. स्वयंपाकघरात बसून ती कोथिंबिरीच्या काड्या खुडू लागली. स्वयंपाकघर आणि गोठा यांच्यामध्ये एकच भिंत. बाहेर कुणाची तरी चप्पल वाजली, पुढे गेली. तिचे हात थांबले. खिडकीशी उभं राहिलं तर गल्ली दिसते, हे तिला ठाऊक होतं. ती उठलीसुद्धा. उठलेली तशीच मागे फिरली आणि पाटावर बसली.

मग कडी वाजली. आतून लावली होती कुणीतरी.

कोण असेल? पावलं विहाराकडून आली की विहिरीकडून? डबा बुडवल्याचा आवाज येतो की ओतल्याचा? धुरपताचा कान आपोआप भिंतीकडे वळला. इतकी वर्षं तो तसाच वळत आला होता, आणि ती त्याला राखण म्हणत होती.

ती बाहेरच्या खोलीत गेली. इश्वर बातम्या पाहत होता. तिला पाहताच त्यानं सवयीनं रिमोट उचलला आणि आवाज कमी केला.

"कमी नको," ती म्हणाली. "मोठा करा."

त्यानं वळून तिच्याकडे पाहिलं.

"अजून," ती म्हणाली, आणि भिंतीकडे पाठ करून बसली.