हात न करणारे किसनमामा

किसनमामा जीप चालवत असले की कुणाच्याही नमस्काराला हात करत नसत. रस्त्याकडेनं कुणी 'राम राम' घालो, कुणी 'जय भीम' म्हणो, मामांची नजर समोर आणि दोन्ही हात स्टेअरिंगवर. संध्याकाळी मात्र धुतलेला सदरा घालून ते पायी निघत आणि दिवसभरात ज्यांनी हाक घातली त्यांच्या दारात जाऊन म्हणत, "सकाळी तुमी मला राम राम केला. आता माझा घ्या." बोरीतल्या लोकांना याचं हसू येई. मला मात्र सांजेच्या धुळीत मामा तरंगतच चालल्यासारखे वाटत.

फौजेत ट्रक चालवून परतलेल्या, बौद्धवाड्यातल्या या मामांना माझ्या वडिलांनी, अण्णांनी, आमच्या जुन्या जीपवर ठेवलं होतं. बोरी ते जिंतूर सवाऱ्या न्यायच्या आणि जमेल तसं मला शिकवायचं. मी वीस वर्षांचा, कॉलेज अर्ध्यात सोडलेला. अण्णांनी साफ सांगितलं होतं, "किसन म्हणंल शिकलास, तवाच चावी." त्या एका शब्दासाठी मी झुरत होतो.

क्लच, गिअर महिन्याभरात हाताखाली आले. मन येईना. कापूस फुटला की रस्त्याच्या दोन्ही अंगांना नुसतं पांढरं पांढरं होई. इंजिनच्या घरघरीत मला गुंगी चढे, रस्ता आपणहूनच माझ्याकडं येतोय असं वाटे, आणि मी दुसऱ्याच्या रानातली बोंडं न्याहाळत राही. मामा हळूच म्हणत, "कापूस लय झ्याक हाय. बघायचाच आसंल तर गाडी उभी कर, खाली उतर, इत्मिनानानं बघ." मी गाडी उभी करी. ते खरंच उतरत आणि माझ्याशेजारी बांधावर उभं राहून कापूस बघत.

विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. कोण कुणाला काय म्हणून हात करतो, यावर गाव कान लावून असे. एकदा अण्णा चावडीवरून तापूनच आले. "किसन, लोक म्हणायलेत तुला मस्ती आली. राम रामाला हात करत न्हाईस."

"अण्णा, आमच्या वाड्यातली पोरंबी तेच म्हणायलेत," मामा शांतपणे म्हणाले. "जय भीमला हात करत न्हाई, मालकाला भ्यायलाय म्हणून. हात दोनच हायेत, दोनी गाडीला दिलेत. खाली उतरलो की समद्यांचा."

मी मनात म्हणालो, एक हात जरा हलवला तर बिघडतं काय!

काय बिघडतं ते लवकरच कळलं. रानं मोकळी झाली होती. पुलाच्या कठड्यावर बसलेल्या मित्रांनी माझ्या नावानं आरोळी ठोकली. मी रुबाबात हात वर केला, मानही वळवली. मामांनी झडप घालून स्टेअरिंग ओढलं, तोवर कडेनं कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांची मोळी घेऊन चाललेली बौद्धवाड्यातली द्रुपदाबाई मोळी टाकून चारीत पडली होती. तिचं कोपर सोललं होतं. "पोरा, घरी लेकरं हायेत रे मला," एवढंच ती म्हणाली.

मामांनी तिला जीपमध्ये बसवलं आणि मला म्हणाले, "मोळी उचल. डोक्यावर घे. पायी ये."

आख्खं गाव बघत होतं. अण्णांचा पोरगा डोक्यावर पऱ्हाट्या घेऊन बौद्धवाड्याकडं! जो तो मुद्दाम 'राम राम' घालत होता. मोळी सावरता सावरता माझा जीव मेटाकुटीला आला. द्रुपदाबाईच्या अंगणात ती उतरवली, तेव्हा तिनंच मला पाणी दिलं. त्या वाड्यात मी पहिल्यांदाच पाणी प्यालो.

"वाटंनं कुणाला राम राम केलास?" मामांनी विचारलं.

"कसा करणार मामा? दोन्ही हात मोळीला होते."

"मग जीपमदी काय रिकामा होतास?"

त्यानंतर गाडीवर असताना मी कुणालाही हात केला नाही. तरी मामांच्या तोंडून तो शब्द काही निघेना. विचारलं की म्हणत, "सबूर."

उन्हाळ्यात एका दुपारी मामांच्या छातीत कळ आली. मामी लेकीच्या बाळंतपणासाठी परभणीला गेलेल्या. अण्णांनी चावी माझ्या हातात दिली. मामांना शेजारी बसवून मी परभणीच्या दवाखान्याकडं निघालो.

आधी ते कण्हत होते, मग तो आवाज थांबला. उन्हात रस्ता पाण्यासारखा हलत होता, झाडं विरघळून परत उभी राहत होती. मान वळवून त्यांचा श्वास चालतोय का एवढंच मला बघायचं होतं. थांबून बघावं तर वेळ जाणार. मी बघितलं नाही. समोरचं धूसर होईल म्हणून रडूही आवरलं. एवढा लांब रस्ता मी आयुष्यात चाललो नाही.

दवाखान्याच्या दारात ब्रेक लावला, इंजिन बंद केलं, मग वळलो. मामा टक्क जागे होते आणि माझ्याकडंच बघत होते.

"वाटभर तुलाच बघायलोय," ते पुटपुटले. "एकदाबी नजर हलली न्हाई तुजी. शिकलास, गणू."

तिसऱ्या दिवशी मामा गेले. माती देऊन परतल्यावर अण्णांनी हलकेच विचारलं, "म्हणाला का रे किसन?" मला नुसतं 'हो' म्हणायचं होतं. ते म्हणता येईना, म्हणून अण्णांच्या गळ्यात पडलो.