थोरली, धाकटी आणि तिसरी सही

गाड्यांच्या त्या कारखान्यात नवी गाडी बाजारात सोडायची तर कागदावर तीन सह्या लागत. पहिली आराखडा काढणाऱ्याची, दुसरी मोजमाप करणाऱ्याची आणि तिसरी गाडी चालवून बघणाऱ्याची. पहिल्या दोन जागांवर माणसं आली नि गेली. तिसरी सही मात्र बावीस वर्षं एकाच बाईची होती. सगळे तिला ताई म्हणत. तिच्याहून दहा वर्षांनी मोठा असलेला मिस्त्रीसुद्धा.

ताई बुटकी, हाताचे पंजे रुंद, केसांचा घट्ट अंबाडा आणि पायात झिजके कापडी बूट. नवे बूट तिला चालत नसत. तळ झिजून पातळ झाला की मगच पेडल पायाला कळतं, असं तिचं म्हणणं. गाडीत बसली की आधी समोरच्या काट्यांवर फडकं टाकायची. वेग बघायचा नाही, इंजिनाचे फेरे बघायचे नाहीत. आणि गाडीतून उतरायच्या आत जे वाटलं ते वहीत लिहून काढायचं. एकदा बाहेर पाय टाकला की मन वकिली सुरू करतं, म्हणे. वहीत वाक्यं तरी कसली असायची! 'तिसऱ्या वळणाला रुसते.' 'ब्रेक दाबला की मान खाली घालते, पण मनातून नाही.' मोजमापवाले वाचून खोखो हसायचे, मग आपल्या यंत्रातले आकडे बघायचे आणि गुपचूप हसू आवरायचे.

तिची पहिली सही झाली ती एका पळणाऱ्या गाडीवर. दोन दारं, लांब नाक, जमिनीला चिकटलेलं अंग. खपली बेताचीच, पण ज्यांनी घेतली त्यांनी पोटच्या पोरासारखी जपली. तिच्यातली एक कारखान्यानं स्वतःकडे ठेवून घेतली होती, पुढच्या गाड्या ताडून बघायला. ती मिस्त्रीच्या ताब्यात. बावीस वर्षांनी कारखान्यानं त्याच नावाची नवी गाडी काढली, तेव्हा चाचणीच्या मैदानावरच्या लोकांनी दोघींचं बारसं करून टाकलं. जुनी ती थोरली, नवी ती धाकटी.

धाकटी अंगानं थोरलीपेक्षा तीनशे किलोनं भारी, पण पळायला वाऱ्यासारखी. थोरलीला शून्यावरून शंभरावर यायला साडेसहा सेकंद लागत, हिला साडेचार. ब्रेक असे की पोट पाठीला लागावं. थोरलीत पन्नास मैल गेलं की कंबर बोलायला लागे. धाकटीतून उतरावंसं वाटत नसे. दहा गोष्टींत दोघींना ताडायचं होतं. नऊ गोष्टींत ताईनं धाकटीच्या पारड्यात माप टाकलं, तेही मोकळ्या मनानं. पाच वर्षं जिच्यामागे घासली ती गाडी वाखाणली जाते आहे हे बघून इंजिनिअरच्या चेहऱ्यावर कधी नव्हे ते रक्त दिसायला लागलं होतं. चाळिशीचा हा माणूस. हुशार, भिडस्त, जेवायचं विसरणारा.

दहावी गोष्ट म्हणजे ओलं वर्तुळ. मैदानाच्या कोपऱ्यात गुळगुळीत फरशीचा एक मोठा गोल होता आणि त्यावर फवाऱ्यांनी सतत पाणी सोडलेलं असायचं. त्या गोलावर गाडी फिरवायची, हळूहळू वेग वाढवायचा आणि टायर पकड कधी सोडतात, कशी सोडतात ते बघायचं. ताईनं दोन्ही गाड्या सकाळभर फिरवल्या आणि वहीत लिहिलं: 'थोरली पकड सोडायच्या आधी हातात हलकी होते. सांगून जाते. धाकटी सांगत नाही. हात तसाच जड, आणि गाडी गेलेली.'

आणि तिनं सही केली नाही.

गाडी लोकांपुढे आणायला तीन आठवडे उरले होते. मोठ्या साहेबांनी ताईला आणि इंजिनिअरला समोरासमोर बसवलं. इंजिनिअर म्हणाला की धाकटी पकड सोडते ती थोरलीच्या किती तरी पुढच्या वेगाला. वर तिच्यात अशी सोय आहे की गाडी घसरायला लागली तर ती एकेका चाकाचा ब्रेक आवळून तिला परत वाटेवर आणते. मग हातात हलकं लागलं काय नि जड लागलं काय?

"परत आणते, खरं आहे," ताई म्हणाली. "पण चालवणाऱ्याला कळतच नाही की आपण गेलो होतो. मग तो दुसऱ्या वळणाला आणखी जोरात जाणार. एक दिवस असा येईल की परत आणण्याजोगं काही उरणार नाही."

साहेब माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या डोक्यावर तारीख बसली होती. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "ताई, पहिल्या गाडीवर माणसाचा जीव असतो. त्यात गैर काही नाही. पण त्यापायी नवी अडवायची का?"

हे मात्र तिला झोंबलं. बावीस वर्षांत तिला कुणी हट्टी म्हटलं होतं, तिखट म्हटलं होतं, एकानं तर पाठीमागे चेटकीण म्हटलं होतं. तिच्या हातांना लळा लागतो असं कुणी म्हटलं नव्हतं.

घरी गेली ती तोंड फुगवूनच. सासूबाई भाजी निवडत बसल्या होत्या. सुनेचा चेहरा बघून त्यांनी एवढंच विचारलं की बावीस वर्षं गोल गोल फिरून आजच घेरी आली की काय. ताईला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून सगळं सांगूनही टाकलं. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. अख्खा दिवस लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत 'हे बरं दिसतं की ते' विचारायचं, त्यामुळे घरी तो फारसा बोलत नसे. त्यानं सगळं ऐकून घेतलं, ताटावरून उठला, हात पुसले आणि म्हणाला, "माझ्याकडे रोज एक तरी गिऱ्हाईक येतं. म्हणतं, नवा चष्मा नको, जुना बरा होता. मी वाद घालत नाही. आधी जुना चष्मा तपासतो."

"म्हणजे?"

"म्हणजे कधी जुन्याची काच कुणी तरी मधेच बदललेली असते. गिऱ्हाइकालाही आठवत नाही."

काचा घासत जगलेल्या माणसाला एवढं सुचतं आणि आपल्याला सुचू नये, याचा ताईला राग आला.

सकाळी ती तडक मिस्त्रीच्या शेडमध्ये गेली आणि थोरलीला वर उचलायला सांगितलं. मिस्त्री म्हणाला परवाच तेल बदललंय, कशाला उगीच. ती म्हणाली उचला. तो म्हणाला जॅकचं काम चाललंय. ती म्हणाली तर मग मी खाली झोपून बघते, आणि ओढणी कमरेला बांधून खरंच फरशीवर बसायला लागली. तेव्हा मिस्त्रीनं मुकाट्यानं बटण दाबलं.

गाडी वर गेली. ताई दिवा घेऊन खाली उभी राहिली. स्टिअरिंगचा दांडा जिथे गाडीच्या सांगाड्याला धरलेला असतो तिथे दोन रबरी बुश असतात. चाकांचे बारीक हादरे ते पिऊन टाकतात. थोरलीच्या त्या जागी रबर नव्हतंच. पांढऱ्या, टणक, हस्तिदंतासारख्या चकचकीत दोन चकत्या होत्या. कारखान्यातून असं काही कधी बाहेर पडलं नव्हतं. एकेक चकती कुणी तरी लेथवर मन लावून उतरवली होती.

"हे कधी केलंत?"

मिस्त्री कापडाला हात पुसत राहिला. स्वच्छ हात, पण पुसत राहिला. मग म्हणाला, "बारा वर्षं झाली. रबर यायचं बंद झालं. होतं ते भेगाळलं. दुसऱ्या गाडीचं ठोकून बसवायचं माझ्या जिवावर आलं. म्हटलं, चांगलं काही तरी करू."

"मला सांगितलं नाहीत."

"तुम्ही चालवून आलात आणि म्हणालात, आज पोरगी खुशीत आहे. मग काय सांगायचं?"

ताई खालच्या स्टुलावर बसली. ज्या मापानं ती धाकटीला मोजत होती ते माप कारखान्याचं नव्हतंच. ते मिस्त्रीच्या मायेचं होतं. वर्षानुवर्षं हा म्हातारा गाडीला सुधारत गेला आणि ती म्हणत गेली, बघा, जुनं ते कसं होतं. रबराच्या जागी टणक चकत्या बसवल्या की रस्ता हातात बोलणारच. त्यात थोरलीचं कर्तृत्व किती आणि लेथचं किती?

मिस्त्रीनं आजूबाजूला बघून आवाज खाली आणला. आपल्या दोघांशिवाय कुणाला माहीत नाही, तुमचं म्हणणं तर खरंच आहे, मग मूग गिळून बसायला काय हरकत, असं त्याचं म्हणणं पडलं. ताईनं त्याला आणखी काय काय केलंय ते विचारलं. एकेक करत मिस्त्रीनं त्या चकत्या धरून पाच गुन्हे कबूल केले. पाचवा कबूल करताना त्याच्या आवाजात थोडा अभिमानही होता.

ती तशीच, कपड्यांना ग्रीस लागलेली, साहेबांच्या खोलीत गेली. इंजिनिअर तिथेच होता. तिनं उभ्या उभ्या सांगितलं की माझी तुलना रद्द धरा, जुन्या गाडीत फेरफार झालेला आहे आणि तो मला ओळखता आला नाही. चूक माझी. मिस्त्रीचं नाव तिनं घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती, लेथ चालवणारा तिथे एकच होता.

साहेबानं सुस्कारा सोडला आणि सहीचा कागद तिच्याकडे सरकवला.

तिनं तो परत सरकवला. "तुलना चुकली म्हणाले. धाकटी बरोबर आहे असं नाही म्हणाले. मला चार दिवस द्या."

मग ती इंजिनिअरकडे वळली. बावीस वर्षांपूर्वीचा आराखडा तुमच्या कपाटात आहे, म्हणाली. त्यावरून रबरी बुश तुम्ही बनवून घ्या, तुमच्या माणसांकडून, तुमच्या देखरेखीखाली. बाकीचे चार फेरफारही तुम्हीच उलटे फिरवा. मी हात लावणार नाही. इंजिनिअर जरा गोंधळला. जिचा दावा मोडायचा तिनंच हातोडा आणून द्यावा, हे त्याला नवीन होतं.

चौथ्या दिवशी थोरली जशी जन्मली तशी झाली. मिस्त्री दिवसभर शेडच्या मागे जाऊन बसला, बघवेना म्हणाला. आणि गाडी खरंच मऊ पडली होती. नऊ गोष्टींत आधी हरली होती त्याहून वाईट हरली. तिनं सगळं जसंच्या तसं लिहिलं.

मग ओलं वर्तुळ. पहिल्या फेरीत काही नाही. दुसरीत नाही. स्टिअरिंग जाड गोधडीतून धरल्यासारखं. तिसऱ्या फेरीत वेग वाढवताना तिच्या मनात आलं की साहेबच खरे ठरणार, लळाच होता तो. तिनं बोटं सैल केली. आणि तेव्हा ते आलं. दबक्या आवाजात, रबराच्या आडून, पण आलं: स्टिअरिंगचं वजन जरासं उतरलं, जसं ओझं धरलेल्या दुसऱ्या माणसानं आपली बाजू हळूच सोडावी तसं. मग एक श्वास जाईल एवढा वेळ. आणि मग गाडी घसरली.

ती पाण्यातून बाहेर आली, पण साहेबांकडे गेली नाही. इंजिनिअरला म्हणाली, "माझं ऐकू नका. तुम्ही चालवा."

तो म्हणाला मी काही तुमच्यासारखा चालवणारा नव्हे. ती म्हणाली गाडी विकत घेणारेही तसे नसणारच. त्यानं धाकटीतली ती परत आणायची सोय बंद करायची आणि दोन्ही गाड्या आपल्या हातानं फिरवायच्या, एवढंच तिचं मागणं होतं. ती शेजारी बसणार, आणि तोंडातून शब्द काढणार नाही.

थोरलीत तो खांदे आखडून बसला. चार फेऱ्या झाल्या. पाचव्या फेरीत तो अर्ध्यावर म्हणाला, "आता काही तरी कमी झालं." आणि दुसऱ्याच क्षणाला गाडीचं नाक बाहेर सरकलं. त्याचा पाय आधीच सैल झाला होता. गाडी सावरली. तो स्वतःच्याच पायाकडे बघत राहिला.

मग धाकटी. फेऱ्या वाढत गेल्या, वेग थोरलीच्या पुढे गेला. तो वाट बघत होता. त्याच्या जबड्यावरून ते दिसत होतं. स्टिअरिंग तितकंच भरीव, तितकंच खात्रीचं. तो आणखी थोडा पुढे गेला, आणि आकाश फिरलं. पाण्याचा पडदा उडाला, गाडी दीड गिरकी घेऊन आल्या वाटेकडे तोंड करून थांबली. वायपर चालू होते. ताई दिलेल्या शब्दाला जागून गप्प होती.

इंजिनिअर म्हणाला, "मोटरच. स्टिअरिंगला मदत करणारी मोटर आहे ना, तिला आम्ही शिकवलंय की हाताला काही टोचता कामा नये. तिनं ते हलकं होणंही पुसून टाकलं." मग जरा थांबून, "शिकवलं ते विसरायला लावता येईल. सात आठवडे लागतील."

साहेबांना हे त्यानं स्वतः जाऊन सांगितलं. खोलीचं दार बंद होतं, तरी साहेबांचा आवाज शेडपर्यंत आला. समारंभाचा हॉल रद्द झाला, पत्रिका रद्द झाल्या, आणि ताईशी साहेब आठवडाभर बोलले नाहीत. ताईला फुरसतही नव्हती. रोज सकाळी इंजिनिअर मोटरला नवं काही शिकवून आणायचा, ती वर्तुळावर जायची, परत येऊन मान हलवायची: नाही. कधी धाकटी फार चुगलखोर झाली, रस्त्यावरचा खडान् खडा सांगते. कधी सांगते पण उशिरा. एकदा तो चिडून म्हणाला की तुम्हाला नेमकं हवंय तरी काय, आणि तिनं त्याचा पंजा आपल्या पंजात धरून, दाबून, जरासा सैल सोडून दाखवला. तो परत कामाला गेला.

एकोणिसाव्या खेपेला ती गेली ती परत येईना. एकामागून एक फेऱ्या मारत राहिली. इंजिनिअर पाण्याच्या कडेला उभा राहून मोजत होता, बूट भिजले तरी त्याला भान नव्हतं. सातव्या फेरीनंतर धाकटी हळूहळू त्याच्यापाशी येऊन थांबली. ताईनं काच खाली केली आणि पेन मागितलं.