चाँदभाईंचा डावा हात

चाँद पाशा यांना मी चांगलं ओळखत होतो, असं म्हणता येणार नाही. वर्षभर दर तीन आठवड्यांनी त्यांच्या शेजारी बसून सेनगावहून नांदेडला गेलो आणि परत आलो, एवढीच ओळख. त्यांना तीन मुली आहेत हे मला त्यांच्या मयतीच्या दिवशी कळलं. मी पोस्टमास्तर म्हणून नोकरी केली, पण स्वतःचं असं कधी काही लिहिलं नाही. हेही नीट जमेल की नाही, माहीत नाही. पण त्यांच्या बाबतीत माझ्या हातून एक गोष्ट घडली आहे, ती लिहून ठेवावी असं वाटतं.

माझ्या बायकोचा, सिंधूचा, नांदेडच्या दवाखान्यात कॅन्सरवर इलाज चालू होता. गाडी संतरामची, भाड्याची. चालवायला चाँदभाई. वय साठीच्या आसपास, बोलणं कमी. इंजेक्शन घेऊन परत येताना सिंधूला मळमळायचं. मागून ती नुसती खाकरली तरी चाँदभाईंचा डावा हात पुढं जायचा, हवेचं बटण थोडं फिरवायचा आणि परत गिअरवर यायचा. नजर रस्त्यावरच. तिनं कधी सांगितलं नाही, त्यांनी कधी विचारलं नाही.

मग संतरामनं नवी गाडी घेतली. पुढं हातभर रुंद टचस्क्रीनची काच, आणि हवा, गाणी, सगळं त्या काचेत. बटण म्हणून एकही नाही. जुनी गाडी त्यानं विकून टाकली.

चाँदभाईंच्या बोटांना चाळीस वर्षं टायर-पाने हाताळून घट्टे पडलेले. काचेला ते बोट समजेचना. दोनदा, तीनदा दाबावं लागे. मग ते ओला रुमाल मांडीवर ठेवू लागले. बोट ओलं करायचं आणि टेकवायचं. पण कुठं टेकवायचं ते बघावंच लागे, आणि बघायला ते गाडी बाजूला घेऊन थांबवत.

एका फेरीला काचेवर सायकलच्या ट्यूबचा नखाएवढा तुकडा चिकटवलेला दिसला.

"हे काय हो चाँदभाई?" मी विचारलं.

"निशाणी, मास्तर. हात इथं लागला की हवा. बघायची तकलीफ न्हाई."

कळमनुरीपर्यंत ते बरं चाललं. मग काचेतलं चित्र बदललं, आणि त्यांनी ठिगळावर बोट ठेवताच मोठ्यानं लग्नातलं गाणं सुरू झालं. सिंधू आजारात पहिल्यांदा पोटभर हसली.

"गाडी आणली का सासू आणली, चाँदभाई?"

"सासू बरी, भाभी. सासूला न बघता हाक मारता येती. हिच्या तोंडाकडं बघितल्याबिगर ही ऐकतच न्हाई."

पुढच्या फेरीला ठिगळ नव्हतं, तिथं चिकट डाग होता. संतराम रागावला होता. नवी गाडी खराब करता काहून, म्हणाला. चाँदभाई सिंधूला एवढंच बोलले, "भाभी, ही गाडी गेली तर या वयात दुसरी कोन देतो मला?"

त्याच दिवशी डोंगरकडा गावाजवळ पाऊस लागला आणि समोरची, रस्त्याकडची काच आतून धुरकटली. चाँदभाईंनी गाडी लिंबाखाली उभी केली, बोट ओलं केलं, दाबलं, पुन्हा दाबलं. काच साफ झाली, निघालो. दोन किलोमीटरवर पुन्हा तेच. असे चार वेळा थांबलो. मी सारखा घड्याळ बघत होतो.

"चालता चालता दाबा ना हो," मी म्हणालो.

"डोळे दोनच हायेत, मास्तर," ते म्हणाले आणि पुन्हा थांबले.

दवाखान्यात आमचा नंबर निघून गेला होता. सिंधूला संध्याकाळपर्यंत बाकावर बसावं लागलं. मला राग आला होता, पण तोंडावर बोलायचा माझा स्वभाव नाही.

दोन दिवसांनी संतरामचा फोन आला. गाडी कशी वाटली, म्हणून विचारत होता. मी म्हणालो, "गाडी चांगली आहे. चाँदभाई थांबतात फार."

एवढंच म्हणालो. पुढच्या फेरीला संतरामचा पुतण्या बजरंग गाडी घेऊन आला.

बजरंग चलाख. बोलता बोलता काचेवर बोट फिरवायचा, कुठं थांबायचा नाही. वारंग्याच्या पुढं सिंधू खोकली. "हवा कमी करू का, काकू?" म्हणत तो खाली काचेकडं बघू लागला. समोरच्या टँकरनं ब्रेक मारला होता. मी ओरडलो. गाडी रस्त्याखाली उतरून मुरमाच्या ढिगाला टेकून थांबली. कुणाला लागलं नाही. सिंधूनं मागून माझा दंड धरला. मग म्हणाली, "चाँदभाई थांबत होते ते काहून, कळलं का आता?"

मी संतरामकडं गेलो. चूक माझी झाली, चाँदभाईंना परत बोलवा, असं म्हणालो. तो म्हणाला, "मी सांगावा धाडला होता, मास्तर. ते न्हाई म्हनले. ज्याला घाई हाय त्याला दुसरा डायव्हर बरा, म्हनले."

मी काय बोललो ते त्यांच्यापर्यंत पोचलं होतं की नाही, मला अजून समजलेलं नाही.

चाँदभाई आता सेनगावच्या स्टँडवर दुसऱ्याची जुनी जीप चालवत होते, हिंगोलीच्या फेऱ्या. त्यांना सगळं सांगायचं ठरवून गेलो. ती आमची शेवटची भेट. जीपमध्ये सीटं भरायची होती. ते स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. मला बघून खाली उतरले. मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच विचारलं,

"भाभीची तब्येत?"

"बरी आहे. दोन इंजेक्शनं राहिलीत."

"त्यांना डायव्हरच्या मागं बसवत जा, मास्तर. जाताना येताना दोनी टायमाला ऊन दुसऱ्या बाजूनं असतं."

"बरं."

मागून कुणीतरी ओरडलं, "चाचा, भरली गाडी!"

"येऊ का मग?" ते म्हणाले.

"या," मी म्हणालो.