बंद लॅपटॉपचा तापलेला कोपरा

मंडळी, घट बसल्यापासून मी माझ्या मुलीवर संशय घेत होतो. आज दुपारी तो फिटला.

अनूचा गेमिंग लॅपटॉप आहे. तिचा ॲनिमेशनचा अभ्यास त्यावरच चालतो. रोज सकाळी मी हात लावून बघायचो, तर बंद लॅपटॉपचा डावा कोपरा चांगलाच गरम आणि बाकीचा थंड! मला वाटलं, ही लपून गेम खेळते.

"पप्पा, मी हातसुद्धा लावला न्हाय," ती म्हणाली. मला पटलं नाही. काल मी तिचा पासवर्ड मागितला. तिनं तो लगेच कागदावर लिहून दिला.

आज ती कॉलेजला गेली होती, तरी तोच कोपरा तापलेला. मग संशय दुकानदारावर गेला. जुना माल गळ्यात मारला असणार! त्याला फोन लावणार, तेवढ्यात आई म्हणाली, "सरक रं, दिव्यात तेल घालू दे."

आमच्या भिंतीतल्या कपाटात खालच्या कप्प्यात देव आहेत आणि वरच्या फळीवर लॅपटॉप असतो. नवरात्रात खाली अखंड दिवा तेवतो, तोही डाव्या कोपऱ्यात. फळीला खालून हात लावला, तर चटकाच बसला. चार दिवस मी लेकीवर नजर ठेवली आणि फळीखाली एकदाही वाकून पाहिलं नाही.

संध्याकाळी अनूला सांगितलं. ती म्हणाली, "मग आता दिव्याचाबी पासवर्ड मागून घ्या."

लॅपटॉप टेबलावर हलवलाय, आता थंड आहे. अनूनं पासवर्ड बदललाय. नवा मी विचारलेला नाही.

तुम्ही विचारला असता का?