भामाआत्यांची तिसरी पाटी

भामाआत्या कांदा निवडताना कांद्याकडे बघायच्याच नाहीत. नजर समोरच्या बाईकडे, तोंडाने तिच्या लेकीसुनांची चौकशी, आणि उजव्या हाताचा अंगठा मात्र प्रत्येक कांद्याची मान दाबून बघत असायचा. मान टणक लागली तर चांगल्याच्या पाटीत, मऊ लागली तर खराबाच्या. घोडेगावजवळच्या एका व्यापाऱ्याच्या खळ्यावर पंधरा-वीस बायका निवडायला असत. त्यांत आत्यांचा शब्द शेवटचा.

मी त्या खळ्यावर गेलो तो हेच काम यंत्राकडून करून घ्यायला. पट्ट्यावरून कांदे पुढे जातात, वरचे कॅमेरे फोटो काढतात आणि संगणक ठरवतो, माल चांगला की खराब. मी केडगावचा, पुण्यात इंजिनिअरिंग केलेला, आणि हे माझं पहिलंच मोठं काम. मला स्वर्ग दोन बोटं उरला होता. आत्यांनी पहिल्याच दिवशी कॅमेऱ्याकडे बघून विचारलं, "समदं खरं, पन ह्याला अंगठा कुठं हाय?" बायका खो खो हसल्या. मीही हसलो, पण मनातून चिडलो होतो.

आत्यांपाशी तिसरी एक पाटी असे. ज्या कांद्याबद्दल अंगठ्याची खात्री पटली नाही, तो त्या पाटीत जाई. "ह्याचं उद्या बघू," म्हणायच्या. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन ती पाटी पुन्हा चाचपायच्या. घरातही त्यांचा हाच न्याय. सून भांडून माहेरी निघाली तेव्हा घरचे सगळे तिच्यावर तुटून पडले, आत्या एवढंच म्हणाल्या, "आज कुनी काय बोलू नका. ह्याचं उद्या बघू." सून दुसऱ्या दिवशी आपणहून परत आली.

यंत्राला शिकवायला जाणतं माणूस हवं होतं. खळ्याचा मालक तो व्यापारी, त्या शेठनी आत्यांना माझ्याकडे बसवलं. पडद्यावर कांद्याचा फोटो यायचा, चांगल्याला हिरवं बटण, खराबाला लाल. तासाभराने त्या थांबल्या.

"उद्याचं बटन कुठं हाय?"

"तसं बटण नसतं, आत्या. यंत्राला हो किंवा नाही, एवढंच कळतं."

"अरं पन मान दाबल्याबिगर मी काय सांगू? खोटं बोलाया लावतोस का मला?"

"काहीतरी एक सांगाच," मी म्हणालो. घाई मला होती. तिसरं बटण करता आलं नसतं असं मुळीच नाही. मला ते काम वाढवायचं नव्हतं. आत्यांनी नाइलाजाने संशयाचे सगळे कांदे हिरव्यात टाकले. "कुना शेतकऱ्याचा माल हाय, उगा कसा फेकू?" असं पुटपुटत होत्या.

यंत्र जे शिकलं, तेच करू लागलं. संशयाचा माल चांगला म्हणून गोण्यांत गेला आणि दूरच्या बाजारात पोचेपर्यंत सडला. गाडी तशीच परत आली. शेठ खळ्यावर सगळ्यांसमोर ओरडले, "मशीनला शिकवलं कुणी? आत्याची नजर गेली आता, दुसरं काय!" जिने उभा जन्म कांदा पारखला, तिला हे ऐकावं लागलं. आत्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी एक वाक्य बोललो असतो तर पुरे होतं. पण यंत्राच्या करारावर शेठची सही व्हायची होती. मी लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसलो. आत्यांनी तिन्ही पाट्या पालथ्या घातल्या, पदराला हात पुसले आणि निघून गेल्या. पुन्हा खळ्यावर आल्या नाहीत.

पुढे मी यंत्राला तिसरी वाट काढली. ज्याची खात्री नाही तो कांदा बाजूला पडतो, सकाळी माणूस हाताने बघतो. ते सांगायला आत्यांच्या घरी गेलो. त्या अंथरुणाला लागल्या होत्या. सून म्हणाली, "आता घरचा कांदा पन हातात घेत न्हाईत." मी सगळं कबूल केलं, पाया पडलो, माफी मागितली.

"शेटला सांगितलंस?"

"सांगितलं."

"समद्यांदेखत?"

"नाही... केबिनमध्ये."

आत्यांनी माझा हात हातात घेतला. अंगठा मनगटावर थोडा वेळ टेकवला आणि मग हात सोडून दिला.

"ह्याचं उद्या बघू," त्या म्हणाल्या.

मी दुसऱ्याच दिवशी खळ्यावर जायला हवं होतं. दुसऱ्या गावाला यंत्र बसवायचं होतं, मी तिकडे गेलो. महिन्याभराने सुनेचा फोन आला, आत्या गेल्या. मी खळ्यावर गेलो, पट्टा बंद केला आणि शेठसकट सगळ्यांसमोर सांगितलं, चूक माझी होती, आत्यांची नजर शेवटपर्यंत शाबूत होती. बायका डोळे पुसत ऐकत राहिल्या. एकीने एवढंच विचारलं, "हे त्या असताना का न्हाई बोललास, बाबा?"

मी पट्ट्याकडे वळलो आणि बटण दाबलं. पट्टा पुन्हा सुरू झाला, तिसऱ्या वाटेने कांदे पडू लागले. ते उद्या कुणीतरी बघेल. माझं बघणारं आता कुणी नाही.